वंशावळीतील रिकाम्या जागा

आमच्या घरी पौष शुद्ध अष्टमीला एक पान जास्त वाढले जाते. गोडधोड काही नसते. वरणभात, एक भाजी, ताकाची वाटी. काकू ते पान देवघरासमोर ठेवतात, थोडा वेळ दार लोटून घेतात आणि मग ते गाईला जाते. हे पान कोणाचे, असे लहानपणी विचारले की एकच उत्तर मिळे : "आपले मूळ पुरुष पानिपतावर पडले, त्यांचं हे पान." शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीला, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतची लढाई झाली, हे पुढे शाळेच्या पुस्तकात वाचले. तिथी जुळत होती. शंका घ्यायचे काही कारण नव्हते.

गेली चार वर्षे आम्ही भाऊबंद मिळून आमच्या घराण्याची वंशावळ तयार करीत आहोत. आम्ही म्हणजे पाच चुलत-चुलत भावंडे : दोघे इथे बडोद्यात, एक बहीण पुण्यात, एक इंदूरला आणि एक भाऊ कॅनडात. सुरुवात ठरवून झाली नाही. पोळीतले जुने घर रिकामे करताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. रद्दीवाला तराजू घेऊन उंबऱ्यात उभा होता. पेटीत वरती लग्नपत्रिका आणि लाइट बिले, आणि तळाशी लाल रुमालात बांधलेले मोडी कागद. रद्दीवाल्याला लग्नपत्रिका दिल्या. रुमाल ठेवून घेतला. कोणालाही त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते, तरी ठेवला, एवढेच आमचे कर्तृत्व.

बडोद्यातल्या मराठी घरांचे आम्ही दोन भाग करतो : घोड्यावरून आलेली आणि आगगाडीतून आलेली. आगगाडीतून आलेली म्हणजे बहुतेक सयाजीराव महाराजांच्या काळात शिक्षक, कारकून, इंजिनियर, वैद्य म्हणून बोलावलेली किंवा नशीब काढायला आलेली माणसे. १९०६ साली महाराजांनी सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा शिकवणारेही लागलेच की! या घरांचा इतिहास शोधणे तुलनेने सोपे. नेमणुकीचा हुकूम, पगाराचे पान, शाळेचा दाखला असे काहीतरी छापील सापडते. घोड्यावरून आलेल्यांचे तसे नाही. त्यांच्याकडे कथा पुष्कळ आणि कागद थोडे.

आम्ही घोड्यावरून आलेले. गुजरातेत मराठ्यांचे पाऊल पक्के झाले ते सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या मोहिमांतून. त्यांच्या हाताखालचे दमाजी गायकवाड मूळचे पुण्याच्या उत्तरेकडील दावडीचे. १७२० साली बाळापूरच्या लढाईत त्यांनी नाव मिळवले आणि शाहू महाराजांकडून समशेर बहादूर हा किताब घराण्यात आला. दमाजी लवकरच वारले. पुतण्या पिलाजीराव पुढे आले आणि त्यांनी सोनगडच्या डोंगरावर ठाणे केले. आज सोनगड तापी जिल्ह्यात आहे. सुरतेकडून धुळ्याकडे जाणारा रस्ता पायथ्याशी आहे, त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांनी तो किल्ला बसच्या खिडकीतून पाहिला असेल. गायकवाडांचे राज्य बडोद्यात सुरू झाले असे आपण सहज म्हणतो, पण पाळणा सोनगडचा. १ एप्रिल १७३१ ला डभईजवळ पेशवे आणि दाभाडे समोरासमोर आले, त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले. पुढच्याच वर्षी डाकोरला पिलाजीरावांचा दग्याने खून झाला. १७३४ मध्ये बडोदे हाती आले ते त्यांचे पुत्र दुसरे दमाजीराव यांच्या वेळी. ही नावे आणि वर्षे लक्षात ठेवावीत, कारण सोनगड या लेखात पुन्हा येणार आहे.

रुमालातला सर्वांत मोठा कागद वंशावळीचा निघाला. तो मात्र मोडी नव्हता, बाळबोध होता. आमच्या पणजोबांनी सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत तो लिहिला होता. सरकारातून घराण्याला जी सालिना नेमणूक चालत होती, तिच्या वाटणीसाठी पिढीनामा दाखल करायचा होता, त्याची ही घरात ठेवलेली नक्कल. वर मूळ पुरुष, खाली चार पुत्र, म्हणजे चार पाती. थोरली पाती आमची. दुसरी इंदूरची. चौथी पुण्याला परत गेलेली. तिसऱ्या पुत्राच्या नावाखाली एक आडवी रेघ आणि एकच शब्द : निर्वंश.

आमच्यातल्या सिव्हिलचा डिप्लोमा केलेल्याकडे अर्थातच तक्ता काढायचे काम आले. त्याने ट्रेसिंग पेपरवर चौकटी आखल्या, प्रत्येकाला क्रमांक दिला. थोरल्या पातीतला तिसऱ्या पिढीचा दुसरा मुलगा म्हणजे १-३-२, याप्रमाणे. हे आधी कंटाळवाणे वाटले, पण त्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्यात नातवाला आजोबांचे नाव ठेवायची चाल. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या तीच दोन नावे आलटून पालटून येतात. आमच्या घरात एका नावाचे पाच पुरुष निघाले आणि पैकी तिघांच्या वडिलांचे नावही एकच. क्रमांक नसते तर आजोबाचे लग्न नातवाच्या बायकोशी लागले असते. इंदूरच्या भावाने तसे एकदा लावलेही होते.

मग नियम ठरला. कागद असेल ते नाव शाईने. दोन वेगवेगळ्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी स्वतंत्रपणे सांगितलेले नाव निळ्या पेन्सिलीने. एकानेच सांगितलेले साध्या पेन्सिलीने. फाईल सर्वांना उघडता येईल अशी ठेवली, पण शाई करायचा अधिकार कोणा एकट्याला नाही. पाचांनी कागदाचा फोटो पाहून होकार दिला तरच. या नियमाने आम्हांला पुष्कळ ताप दिला आणि पुढे त्यानेच वाचवले.

पुण्याच्या बहिणीने मोडी शिकायला घेतली. शाळेतून मोडी गेल्याला सत्तरएक वर्षे झाली. आमच्या आजोबांची पिढी मोडीत सही करी, वडिलांच्या पिढीला ती वाचता येत नाही. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरे रेघेला लटकवत जातो. शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही. पहिले सहा महिने बहिणीला फक्त 'श्री' आणि आकडे लागत होते. नंतर लागली ती तारीख, आणि तारखेने पहिला घोळ घातला.

अठराव्या शतकातल्या मराठी कागदांवर बहुधा सुहूर सन असतो, ज्याला अरबी सन असेही म्हणतात. तो मृग नक्षत्राला बदलतो आणि आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहितात, एककापासून वर. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. सितैन साठ, सबैन सत्तर. मया शंभर, अलफ हजार. जो आकडा येईल त्यात ५९९ मिळवले की इसवी सन, जानेवारीनंतरची तारीख असेल तर ६००. पानिपतचे साल 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१, म्हणजे १७६०-६१. शक असेल तर ७८ मिळवायचे. गुजरातचे संवत असेल तर ते कार्तिकात बदलते, तिथे वेगळा हिशेब. ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांनी एवढे कोष्टक भिंतीवर लावून ठेवावे. निम्मे काम तेवढ्याने होते.

नालबंदीच्या एका यादीत आमच्या मूळ पुरुषाचे नाव सापडले. नालबंदी म्हणजे शिलेदाराला घोड्यांसाठी मोहिमेआधी मिळणारी आगाऊ रक्कम. शिलेदार स्वतःचा घोडा आणतो, बारगीर सरकारी घोड्यावर बसतो. आमचे पूर्वज शिलेदार होते, हे वाचून सगळ्यांना दोन इंच उंच झाल्यासारखे वाटले. नाव, वडिलांचे नाव, गाव, सगळे बरोबर. साल : समान सितैन मया व अलफ. बहिणीने फोनवर ते तीनदा वाचले. ११६८. म्हणजे १७६७-६८.

पानिपतावर पडलेला माणूस सात वर्षांनी घोड्याचे पैसे कसा घेतो?

दमाजीराव स्वतः पानिपतावर होते, इब्राहिमखान गारद्याच्या बाजूला लढले आणि जिवंत परतले. त्यांच्याबरोबर आमचा माणूसही परतला असेल, यात अशक्य काही नाही. पण हे काकूंना सांगायचे कोणी? आठ दिवस कोणी सांगितले नाही. शेवटी सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग एवढी वर्षं मी पान कोणाला वाढलं?" उत्तर आमच्याकडे नव्हते. आजोबा-नातवांच्या नावांचा घोळ असेल, एकाच नावाचे दोघे असतील, असे काहीबाही बोललो. मूळ पुरुषाच्या चौकटीतली 'मृत्यू : पानिपत' ही शाई खोडली.

नंतर नाशिकची फेरी झाली. आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा पूर्वज शोधण्याचा फार मोठा ठेवा आहे, आणि आपण त्यांच्याकडे फक्त अस्थी घेऊन जातो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, प्रयाग, काशी, गया इथे उपाध्यायांच्या घरी पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. यात्रेकरू येतो, स्वतःच्या हाताने वडील, आजे, भाऊ, मुलगे यांची नावे लिहितो, सही करतो. म्हणजे सांगणारा आणि लिहिणारा एकच, आणि त्यात त्याला कसला फायदा नाही. कोर्टात दिलेल्या पिढीनाम्यापेक्षा या लेखाला आम्ही जास्त मान देतो. फक्त एक लक्षात ठेवावे : तिथे जाऊन 'बडोदे' म्हणू नये. आम्ही म्हटले, आणि उपाध्यायांनी सरळ नाही म्हणून सांगितले. वह्या मूळ गावावर लावलेल्या असतात. दोनशेऐंशी वर्षांपूर्वी सोडलेल्या गावाचे नाव घेतल्यावर ते आत गेले आणि दहा मिनिटांत लांबट वही घेऊन आले.

आमच्या थोरल्या पातीचे तीन लेख होते. त्यांच्या खालच्या पानावर चौथा होता. शके १७९४, म्हणजे १८७२ साल. लिहिणाऱ्याने आजाचे नाव दिले होते ते तिसऱ्या पुत्राचे. 'हल्ली वस्ती सोनगड.' खाली स्वतःच्या दोन मुलांची नावे.

निर्वंश माणसाचा नातू नाशिकला येऊन स्वतःच्या हाताने दोन मुलगे लिहून गेला होता. नाशिकहून परतताना सापुताऱ्याच्या घाटात मोठे काका एवढेच म्हणाले, "आजोबांना माहीत नसेल." तेव्हा आम्हांलाही तसेच वाटले. सोनगड बडोद्यापासून लांब, पाती वेगळी होऊन शंभर वर्षे झालेली, माणसे हरवतात.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण याच बडोद्याच्या इतिहासात एक हरवलेली शाखा सापडली नसती तर आपण आज इथे असतो की नाही कोण जाणे. १८७० मध्ये खंडेराव महाराज वारले. मागे मुलगा नव्हता, जमनाबाईसाहेबांना नंतर झाली ती मुलगी. भाऊ मल्हारराव गादीवर आले. त्यांची कारकीर्द, रेसिडेंट कर्नल फेर यांच्यावरच्या विषप्रयोगाचे प्रकरण, तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासदांचे ते चौकशी मंडळ आणि त्यांच्यात पडलेली फूट, हे सर्व आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले आणि जमनाबाईसाहेबांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. दत्तक गायकवाडांच्या रक्ताचाच हवा होता. मग वंशावळी उघडल्या गेल्या. इतरही दावे पुढे आले. शोध जाऊन थांबला तो मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे या खेड्यात. पिलाजीरावांचे एक पुत्र प्रतापराव, त्यांची शाखा तिथे शेती करून राहत होती. पिलाजीरावांच्या खुनाला तेव्हा १४३ वर्षे झाली होती. राजवाड्याशी त्यांचा व्यवहार नव्हता, नेमणूक नव्हती, हत्तीघोडे नव्हते. वंश खरा की खोटा, याची इंग्रज सरकारने चौकशी केली. काशीरावांचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी दत्तक गेला आणि त्याचे सयाजीराव झाले. पुढची चौसष्ट वर्षे आपण जाणतोच.

याच दरबारात गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ पासून १९२५ पर्यंत नोकरीत होते. राजपुत्रांना शिकवता शिकवता त्यांनी रियासत लिहायला घेतली. पुढे त्यांनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळीही छापल्या. त्या चाळताना आम्हांला एक गोष्ट जाणवली : मोठ्या घराण्यांतही कितीतरी फांद्या मध्येच थांबतात. फांदी सुकली म्हणून थांबली की माहिती देणाऱ्याने पुढे सांगितले नाही म्हणून, हे छापील पानावर कळत नाही. कवळाण्याच्या शाखेपुढे १८७५ च्या आधी कोणी भाऊबंदाने 'निर्वंश' असे लिहून दिले असते तर?

हा प्रश्न आमच्या गटावर बहिणीने टाकला. आणि त्याच रात्री तिने रुमालातला एक कागद पुन्हा काढला. तो आम्ही आधी बाजूला ठेवला होता, कारण त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने केलेले हिशेब होते आणि हिशेबात कोणाला रस नव्हता. उलट बाजूला मोडी पत्र होते. सोनगडहून आलेले. तीर्थस्वरूप दादासाहेबांचे सेवेशी, साष्टांग नमस्कार, इकडील क्षेम. पुढे असे की नेमणुकीची वाटणी होणार आहे असे कळले, आमची पाती तिसरी, तरी आमचे नाव पिढीनाम्यात घालावे, आपण वडील आहात. पत्र आमच्या पणजोबांच्या नावे होते.

आणि हिशेब पणजोबांच्या हातचे. सालिना २४०. भागिले ४, ६० प्रत्येकी. त्यावर काट. खाली २४० भागिले ३, ८०.

आम्ही ते पाचही जणांनी पाहिले. कॅनडाच्या भावाने त्याच्याकडच्या पहाटे पाहिले आणि काही लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या काकांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून अक्षर ओळखले. या अक्षरावरच ते बाराखडी गिरवायला शिकले होते. "कशाला उकरून काढताय?" म्हणाले. "सहा मुलं होती त्यांना. दोन विधवा बहिणी घरात. वीस रुपये म्हणजे काय, ते तुम्हांला कळणार नाही." हे खरेच आहे. सालिना वीस रुपयांसाठी भाऊबंदाला मारून टाकायचे, कागदावर का होईना, हे आम्हांला कळत नाही. आणि वीस रुपयांवाचून बहिणीला पोसायचे कसे, हेही कळत नाही. काकांचे म्हणणे, वंशावळ छापा, पण तिसऱ्या पातीपुढे 'माहिती उपलब्ध नाही' एवढे लिहा. दोघांना ते पटले. तिघांना नाही. नियम पाचांच्या होकाराचा होता, म्हणून चार महिने काहीच लिहिले गेले नाही. ती चौकट तशीच रिकामी.

त्या चार महिन्यांत आम्ही बायकांकडे वळलो. पणजोबांच्या वंशावळीत साठ पुरुष होते आणि बाई एकही नव्हती. जणू हे सगळे झाडाला लागले. आपल्या बहुतेक जुन्या वंशावळी अशाच असतात. पण श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह, प्रपितामह यांच्या मागोमाग माता, पितामही, प्रपितामही यावेच लागतात. म्हणून सर्वपित्रीला गुरुजींना वाचून दाखवायची जी यादी घरात असते, ती शोधावी. आमच्याकडे ती पोह्यांच्या डब्यात होती. आणि सिद्धपूर! मातृगया म्हणून हे एकच क्षेत्र, पूर्वी बडोदे राज्यातलेच. तिथे आईचेच श्राद्ध करायला जातात, तेव्हा तिथल्या वहीत लिहिणाऱ्याला आईचे, आजीचे नाव सांगावेच लागते. सिद्धपूरच्या दोन लेखांतून आम्हांला सात बायका मिळाल्या. दोघींचे माहेरही. त्या माहेरच्या नावावरून इंदूरच्या भावाने आणखी दोन घराण्यांशी धागा जोडला. पैकी एक घराणे याच मंडळाचे सभासद आहे आणि गेली तीस वर्षे आम्ही त्यांच्या शेजारी बसून आरती करीत होतो.

ही गोष्ट जुन्या काळापुरती समजू नये. आपल्याकडे वारसा नोंदवायचा तर आजही तलाटी पेढीनामु मागतो. आमच्यातल्या सरकारी नोकरी करणाऱ्यासमोर असे कागद येतात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला, तरी बहिणींची नावे पेढीनाम्यातून गळालेली किंवा 'हक्क कमी' करून बाजूला झालेली किती दिसतात! शंभर वर्षांनी कोणी आमच्यासारखे पोरगे तो कागद घेऊन बसेल आणि म्हणेल, या घरात मुली जन्मल्याच नाहीत.

सोनगडला जायचे शेवटी काकांनीच ठरवले. कारण सांगितले नाही. १८७२ च्या लेखातली दोन नावे, आडनाव आणि गाव एवढ्यावर चौकशी केली. व्यारा आणि सोनगडच्या मधल्या एका गावात घर निघाले. आडनाव तेच, बोलणे गुजराती, घरात देवापुढे मात्र मराठी आरती. घरातले आजोबा काकांच्याच वयाचे. आम्ही बडोद्याहून आलो म्हटल्यावर त्यांनी आधी पाणी दिले, मग विचारले, "कोणती पाती?" काका म्हणाले, "थोरली." ते म्हणाले, "आम्ही तिसरी." सहा पिढ्यांनंतर हे एवढे त्यांना पाठ होते. आम्हांला पणजोबांचा कागद वाचल्यावर कळले होते.

दोन्ही घरांचा खंडोबा जेजुरीचा, देवक एकच, हे पहिल्या पाच मिनिटांत झाले. काकांनी पत्राची झेरॉक्स बरोबर आणली होती, हे आम्हांला माहीत नव्हते. त्यांनी ती पुढे केली, हिशेबाची बाजू वर करून. आजोबांना मोडी येत नव्हती, पण भागाकार कळला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "जेवून जा."

जेवणाआधी त्यांनी देवघर दाखवले. देव्हाऱ्यात चांदीचे टाक होते. खंडोबा, भवानी, आणि एक घोड्यावर बसलेला, हातात भाला घेतलेला वीर. आमच्या देव्हाऱ्यात वीराचा टाक नाही. कोण म्हणून विचारले. ते म्हणाले, "मूळ पुरुषाचे थोरले बंधू. पानिपतावर गेले. लग्न झालं नव्हतं, म्हणून त्यांचं धाकट्याच्या घरानं करायचं." त्यांच्याकडेही पौषात पान वाढतात. तिथी मात्र त्यांना नीट ठाऊक नव्हती. संक्रांतीच्या आगेमागे वाढतात.

म्हणजे असे असू शकते की पानिपतावर पडला तो एक भाऊ आणि परत येऊन सोनगडच्या फौजेत नालबंदी घेतली तो दुसरा. थोरल्याचे मरण आमच्या घराने धाकट्याच्या नावावर लावले, कारण वंशावळीत थोरल्याला चौकटच नव्हती. त्याला मुले नव्हती, वाटणी नव्हती, कोणत्याही पिढीनाम्यात त्याचे नाव यायचे कारण नव्हते. कागद अजून मिळालेला नाही. बहीण सुहूर ११५० ते ११६१ च्या याद्या पाहते आहे. सांगणारे घर एकच, म्हणून नियमाप्रमाणे साध्या पेन्सिलीने मूळ पुरुषाच्या शेजारी एक चौकट काढली आहे. आत नाव नाही. आजोबांनाही नाव माहीत नाही, ते त्यांना 'वीरबाबा' म्हणतात.

तिसऱ्या पातीच्या चौकटी आता शाईने भरल्या आहेत. बावीस माणसे झाली, त्यांच्या मुली-सुना धरून. पणजोबांच्या चौकटीत त्यांनी लिहिलेली वंशावळ आणि ते पत्र, दोन्हींचा उल्लेख टाकला आहे, शेरा लिहिलेला नाही. पाचांचा होकार झाला. काकांनी तपासून 'हिशोब' चे 'हिशेब' केले, बाकी काही बदलले नाही.

ज्यांच्या माळ्यावर रुमाल आहेत, डब्यात श्राद्धाच्या याद्या आहेत, त्यांनी मंडळाच्या कार्यालयात आणाव्यात. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही, तिथल्या तिथे फोटो काढून परत देतो. मोडी वाचून द्यायला बहीण तयार आहे, फक्त घाई करू नये. हिशेबाचे कागदही आणावेत.

गेल्या पौषात अष्टमीला काकूंनी पान वाढले. नेहमी त्या मूळ पुरुषाचे नाव घेऊन पाणी सोडतात. या वेळी थांबल्या आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "काय म्हणू?" आम्ही म्हटले, "अजून पेन्सिलीत आहे, काकू." त्यांनी नाव न घेता पाणी सोडले आणि दार लोटून घेतले.